वाढायच्या खिडकीतून ऐकलेलं भाषण

बीन्सचं मोठं मातीचं भांडं थीडा पाइकने ओव्हनमधून काढून ओट्यावर टेकवलं, तोच बर्निस टेपची गुंडाळी घेऊन हजर झाली. ईस्ट कॅल्बीची रीतच आहे ती. गावसभेच्या जेवणाला जी बाई भांडं आणेल तिने त्यावर टेपची पट्टी चिकटवून आपलं नाव घालायचं. नाहीतर संध्याकाळी एकीचं झाकण दुसरीच्या घरी जातं आणि मग वर्षभर तोंडं फिरलेली राहतात.

"लिही की. मिसेस ऑल्डन पाइक, नेहमीसारखं," बर्निस म्हणाली.

"नको. यंदा ते भांडं इथंच राहणारेय. हॉलला देऊन टाकलं."

बर्निस घटकाभर गप्प राहिली. बर्निसचं गप्प राहणं म्हणजे अख्ख्या व्हरमाँटमध्ये बातमी व्हावी अशी गोष्ट. दोघी शाळेपासूनच्या मैत्रिणी, आणि तेव्हापासून बोलायचं काम बर्निसचं आणि ऐकायचं थीडाचं, अशी वाटणी झालेली.

"म्हणजे ओहायोला पोराकडे जायचं नक्की."

"उद्या घर बघायला दलाल येतोय. एमरीने ठरवलंय सगळं."

"एमरीने ठरवलं. आणि तू काय केलंस?"

"मी बीन्स शिजवले," थीडा म्हणाली. "घे, वाढायला लाग."

मार्चचा पहिला मंगळवार होता. बाहेर रस्त्याच्या कडेला काळवंडलेला बर्फ आणि मधे चिखल. हॉलमध्ये सकाळपासून सभा चालू होती. रस्त्यांच्या खर्चाची चर्चा झाली, अग्निशामक गाडीच्या टायरांवरून नेहमीची भांडणं झाली, आणि बाराच्या ठोक्याला सगळं गाव हॅम, बीन्स आणि ब्राउन ब्रेडवर तुटून पडलं.

ही सभा थीडाच्या नवऱ्याची. कागदोपत्री गावाची, पण ऑल्डन पाइक इतकी वर्षं तिचा अध्यक्ष होता की हातोडीच्या दांड्यावर त्याच्या अंगठ्याचा खळगा पडला होता. पूल वाहून गेला, बोलवा ऑल्डनला. दोघांचं कुंपणावरून वाजलं, बोलवा ऑल्डनला. घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजायच्या, आणि त्याही अशा मन लावून की घरच्या भाकरीकडे लक्षच जाऊ नये. घरी आला की माणूस पाटासारखा गप्प. थीडाने लग्नानंतर काही वर्षांनी एकदा विचारलंही होतं, "तू सुखी आहेस का रे?" त्याने खूप विचार केला आणि म्हणाला, "मार्चमध्ये." तो थट्टा करत नव्हता, हेच तिला लागलं.

आणि ती खिडकी. स्वयंपाकघर आणि हॉल यांच्या मधे वाढायची खिडकी आहे, लाकडी झडपेची. जेवण वाढून झालं की ऑल्डन व्यासपीठावरून म्हणायचा, "थीडा, झडप. भांड्यांचा आवाज होतोय." ती झडप ओढून घ्यायची. पलीकडे गाव आपलं भवितव्य ठरवायचं आणि अलीकडे बायका हंडे घासायच्या. मताचा हक्क त्यांना होता, कायद्याने कोणी नाकारला नव्हता. पण हात साबणात असले की हक्क कोपरापर्यंतच येतो. एखादी हात पुसत धावत जायची, तोवर हातोडी पडलेली असायची. थीडा तर कधी गेलीच नाही. अध्यक्षाच्या बायकोने तोंड उघडलं तर लोक म्हणतील, ऑल्डन घरून शिकून आला. म्हणून तिने त्या हॉलमध्ये कधी ब्र काढला नाही. ऑल्डनने तिला गप्प बस असं कधी सांगितलं नव्हतं. त्याला सांगावंच लागलं नव्हतं.

दोन हिवाळ्यांपूर्वी तो गेला. आणि यंदा जेवणानंतर एक कलम मतदानाला येणार होतं: ही समोरासमोरची सभा बंद करावी आणि गावाने पुढे टपालाने मतं पाठवावीत. थीडाने महिन्यापूर्वीच मनाशी ठरवलं होतं, या एका वेळी बाहेर जायचं आणि 'होय' म्हणायचं. ज्या सभेने तिचा नवरा खाल्ला ती सभा एकदाची मिटू दे. मग ओहायोला जायला ती मोकळी.

जेवणं आटोपली. जेवणानंतर, पोटं जड असताना, कोणीतरी एक भाषण करायचं हाही तिथला रिवाज. एका वर्षी कोणी मधमाश्यांवर बोललं, एकदा कोणी धान्याच्या कोठारांच्या तुळयांवर इतकं बोललं की दोघे घोरायला लागले. यंदा एमरी बोलणार होता, थीडाचा एकुलता एक, ओहायोच्या कॉलेजात इतिहासाचा प्राध्यापक. विषय होता, देशाच्या सुरुवातीच्या लोकांची सुखाची कल्पना.

पण गावात मत नसलेल्या माणसाला सभेत बोलायचं तर सभेची परवानगी लागते, मग तो कोणी का असेना. नवा अध्यक्ष ड्वाइट सॉयर, ऑल्डनच्या खुर्चीत अजून अवघडून बसणारा, त्याने हातोडी आपटून विचारलं, "गावाबाहेरचे रहिवासी एमरी पाइक यांना बोलू द्यायला कोणाची हरकत?"

"बाहेरचा कसला? माझ्या कोठारात लपून सिगारेट ओढायचा तो," म्हातारा हार्लन गुरगुरला.

"नियम आहे, हार्लन."

"नियम आहे तर असू दे. माझी हरकत नाही, पण ती सिगारेट माझी होती."

लोक हसले. एमरीही हसला आणि भिंतीकडच्या बाकावरून उठला. बाहेरच्यांसाठी वेगळं बाक असतं, हे त्याला लहानपणापासून माहीत होतं, पण त्यावर बसायची पाळी पहिल्यांदाच आली होती. बोलण्याआधी तो बापासारखाच खाकरला. स्वयंपाकघरात थीडाचा हात सवयीने झडपेकडे गेला.

"राहू दे ना," बर्निस म्हणाली. "पोरगा बोलतोय तुझा. भांडी नंतर घासू."

झडप उघडीच राहिली.

"आज आपण सुख म्हटलं की दार लावून घेतो," एमरीने सुरुवात केली. "आपलं घर, आपली खुर्ची, आपली माणसं, आणि बाहेरच्यांनी त्रास देऊ नये. ज्यांनी या देशाची घडी बसवली त्यांनी जगणं आणि स्वातंत्र्य यांच्या शेजारी सुख लिहिलं, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर आरामखुर्ची नव्हती. त्यांच्या लेखी सुखाला दोन पाय होते. एक म्हणजे स्वच्छ मन. ज्याला रात्री स्वतःची लाज वाटत नाही तो सुखी. आणि दुसरा पाय आपण विसरलो. त्याला ते सार्वजनिक सुख म्हणायचे."

थीडाने हात पुसले आणि खिडकीच्या कडेला टेकली. नमनाला घडाभर तेल घालायची सवय एमरीला नव्हती, ही एक गोष्ट त्याने बापाकडून बरी घेतली होती.

"माणसाला भूक लागते तशीच, चारचौघांनी आपल्याकडे पाहावं, आपलं म्हणणं ऐकावं, आणि मग सगळ्यांनी मिळून काही ठरवावं, हीही एक भूक असते असं ते मानायचे. घरात कितीही मिळालं तरी ती भूक घरात भागत नाही. या खोऱ्यातले लोक आजारी गाय टाकून, गुडघाभर चिखलातून, एका पुलासाठी भांडायला यायचे. पूल स्वतःच्या वाटेवर नसला तरी यायचे. आणि जे हरायचे तेही घरी गुणगुणत जायचे, कारण ते हरले तेव्हा तिथं होते."

"माझा आजा गुणगुणत नव्हता, शिव्या देत जायचा," हार्लन म्हणाला.

"तेही चालेल," एमरी म्हणाला. मग त्याचा आवाज उतरला. "एक गोष्ट लपवून चालणार नाही. हे लिहिणाऱ्यांपैकी कित्येकांच्या घरी गुलाम होते. ज्यांचं सुख त्यांना नको होतं, त्यांना त्यांनी सभेच्या बाहेर ठेवलं. कोणाला दुःखात ठेवायचं तर त्याला मारावं लागत नाही. त्याचं म्हणणं ऐकायचं नाही, एवढं पुरतं."

 मागच्या रांगेत, नुकत्याच गावात राहायला आलेल्या एका तरुण बाईने हात वर केला. "आणि बायका? त्या सुखात बायका कुठे होत्या?"

"स्वयंपाकघरात," एमरी म्हणाला. "त्यांना त्या सुखाचा वास यायचा. चव नाही."

लोक पुन्हा हसले. एमरीने खिडकीकडे पाहिलंसुद्धा नाही. दोनशे वर्षांपूर्वीच्या बायका त्याला लख्ख दिसत होत्या आणि दहा पावलांवरची आई दिसत नव्हती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. बर्निसने थीडाकडे पाहिलं, आणि पाहून नजर काढून घेतली.

"शेवटचं सांगतो," एमरी म्हणाला आणि थांबला. कागद त्याने घडी करून खिशात घातला. "माझे वडील इथं उभे राहायचे. घरी मी त्यांना फारसं हसताना पाहिलं नाही. मला त्याचा राग होता, ते गेल्यावरही होता. हे भाषण लिहायला बसलो तेव्हा पहिल्यांदा कळलं की ते सुखी होते. फार सुखी होते. फक्त त्यांचं सुख आमच्या घरी राहत नव्हतं."

टाळ्या पडल्या. कोणीतरी नाक शिंकरलं. थीडा मागे वळली आणि तिने दोन्ही हात गरम पाण्यात कोपरापर्यंत घातले. तिला ऑल्डनचा संताप आला. इतका, की तो समोर असता तर तिने बीन्सचं भांडं त्याच्या पायावर टाकलं असतं. अरे, तुझं सुख कुठे राहतं ते तुला ठाऊक होतं. मग मला एकदा तरी सोबत न्यायचंस. झडप लाव म्हणालास, त्यापेक्षा ये म्हणायचंस. आणि त्याच वेळी तिला त्याची इतकी आठवण आली, त्याच्या त्या मार्चमधल्या चेहऱ्याची, सभा संपवून घरी आल्यावर अंगाला थंडीचा आणि लोकांचा वास येणाऱ्या कोटाची, की पाण्यातलं ताट घासायचंच ती विसरली. लग्न होऊन इतकी वर्षं ती ज्या माणसाला दुःखी समजून सांभाळत आली तो दुःखी नव्हताच. दुःखी तीच होती.

हॉलमध्ये हातोडी वाजली. शेवटचं कलम.

चर्चा लांबली. सभा नको म्हणणारे काही वाईट लोक नव्हते. केला नावाची नर्स उठली आणि म्हणाली, "आज मी बिनपगारी रजा काढून आलेय. मागच्या तीन वर्षांत येताच आलं नाही. सार्वजनिक सुख छान आहे, पण ते मंगळवारी सकाळी असतं आणि मी त्या वेळी कामावर असते."  बर्फावरून घसरून कंबर मोडलेल्या एका म्हाताऱ्याची गोष्ट निघाली. हार्लन उठला, त्याने ऑल्डनचं नाव घेतलं आणि तो खाली बसला.

"कलमाच्या बाजूने असतील त्यांनी होय म्हणा," ड्वाइट म्हणाला.

"होय!" हॉल दुमदुमला.

थीडा खिडकीत उभी होती. हाच तो शब्द, महिनाभर तोंडात घोळवलेला. तोंड उघडलं, पण जिथं आपण एकदाही बोललो नाही ती सभा मिटवायचा शब्द बाहेर आला नाही.

"विरोधात असतील त्यांनी नाही म्हणा."

"नाही!" हाही आवाज मोठा होता. त्यातही थीडाचा नव्हता. इतक्या वर्षांची सवय, जीभ टाळूला चिकटलेली.

ड्वाइटने मान तिरकी केली, जणू आवाज अजून हवेत आहे आणि तो तोलता येईल. "मला वाटतं, होयवाल्यांची सरशी आहे. कलम मंजूर—" हातोडी वर गेली.

"शंका आहे."

आवाज कुठून आला हे आधी कोणाला कळलंच नाही. मग एकेक मान खिडकीकडे वळली. थीडालाही क्षणभर वाटलं, दुसरंच कोणीतरी बोललं.

"मला त्या निकालाची शंका आहे, अध्यक्ष महाराज," ती पुन्हा म्हणाली. "मोजणी हवी."

ड्वाइटचा हात हवेतच राहिला. गावाच्या नियमात तसं होतं खरं. आवाजी मतावर शंका घेतली तर माणसं मोजावी लागतात. पण एकट्याने शंका घेऊन भागत नाही, सात मतदारांनी उभं राहावं लागतं. त्याने घसा साफ केला. "मिसेस पाइक, नियमाप्रमाणे तुमच्यासोबत आणखी सहा जण उभे हवेत."

थीडाने मागे वळून पाहिलं. बर्निस, मॅज, चर्चमधल्या दोघी बहिणी आणि आणखी तिघी, हात पुसत, फडकी खांद्यावर टाकून सगळ्या तिच्यामागे येऊन थांबल्या होत्या.

"इथं सगळ्या सकाळपासून उभ्याच आहेत, ड्वाइट," ती म्हणाली.

कोणी हसलं नाही. हसायला यावं असं होतं, पण कोणी हसलं नाही. ड्वाइटने हातोडी हळूच टेबलावर आडवी ठेवली. "मोजणी होईल," तो म्हणाला. "होय म्हणणारे झेंड्याकडे, नाही म्हणणारे पियानोकडे." मग किंचित थांबून म्हणाला, "स्वयंपाकघराने बाहेर यावं."

एप्रन बांधलेल्या बायका बाहेर आल्या. सगळ्या एका बाजूला गेल्या असं मात्र झालं नाही. बर्निस थीडाच्या कानाशी कुजबुजली, "माझे गुडघे गं, थीडा. मला बर्फातून येववत नाही आता," आणि झेंड्याकडे गेली. ती नर्सही तिकडेच होती. थीडा सरळ नाहीवाल्यांच्या पियानोकडे चालू लागली. वाटेत भिंतीकडचं बाक लागलं. एमरी अर्धवट उठला होता. त्याला मत नव्हतं, त्यामुळे चालत जायला बाजूही नव्हती. आईकडे तो असा बघत होता, जणू तिची त्याला कोणीतरी आताच ओळख करून दिली असावी.

थीडा पियानोपाशी हार्लनशेजारी जाऊन उभी राहिली. सगळं गाव तिला पाहत होतं. तिच्या एप्रनवर मोहरीचा डाग होता आणि केस वाफेने चिकटले होते. तिला लाज वाटेल असं वाटलं होतं. वाटली नाही. छातीत काहीतरी सैल झालं, आणि तिला कळलं की ऑल्डन मार्चची वाट का पाहायचा.

मोजणी झाली. फार थोड्या मतांनी, पण कलम मंजूर झालं. ड्वाइटने हातोडी आपटली तेव्हा त्याचेच डोळे भरले होते. ईस्ट कॅल्बीची सभा संपली, त्या दिवशीचीही आणि पुढचीही. लोक खुर्च्या घड्या करायला लागले. नेहमी खुर्च्या घड्या करताना हॉलमध्ये गलका असतो. आज कोणी मोठ्याने बोलत नव्हतं.

एमरी स्वयंपाकघरात आला आणि दारातच थांबला.

"आई, मला माहीत नव्हतं."

"मलाही नव्हतं."

"मी ते स्वयंपाकघराचं बोललो..."

"खरंच बोललास. फक्त इकडे बघून बोलायचंस." ती भांडं विसळत होती, हात थांबले नाहीत. "बाबांबद्दल बोललास तेही खरं. मला ते ऐकायला आवडलं नाही, पण खरं होतं."

तो जवळ आला, फडकं घेतलं आणि एकेक ताट पुसायला लागला.  ऑल्डनच्या घरातल्या माणसांना गप्प बसणं शिकवावं लागत नसे.

"हरलात तुम्ही," शेवटी तो म्हणाला.

"हो. हरलेले गुणगुणत घरी जायचे म्हणालास ना तू?"

"तू गुणगुणत नाहीयेस, आई."

"नाही. मला रडू येतंय." आणि ते खरंच आलं. ती पुसायच्याही भानगडीत पडली नाही. "पण आज मी हरले, एमरी. ऑल्डनची बायको नाही. मी." तिने नळ बंद केला. "त्या दलालाला फोन कर. उद्या येऊ नको म्हणावं."

"अगं, पण सभाच राहिली नाही. आता इथं कशासाठी राहणार तू?"

"सह्या गोळा केल्या की कलम परत मांडता येतं. सभा संध्याकाळी ठेवायची, त्या नर्सला येता येईल अशी. आणि बर्निसला गाडीतून आणायचं कोणीतरी." तिने मान वळवून उघड्या खिडकीतून भिंतीकडच्या रिकाम्या बाकाकडे पाहिलं. "ओहायोहून मला ते मांडता येणार नाही. तिथून आले तर त्या बाकावर बसावं लागेल, आणि बोलायला परवानगी मागावी लागेल."

एमरीने बाकाकडे पाहिलं आणि हातातलं ताट रचून ठेवलं. थोड्या वेळाने तो फोन करायला बाहेर गेला.

बर्निस कोपऱ्यात आपली भांडी गोळा करत होती, नको इतकी सावकाश. "तू आता डूख धरून बसशील माझ्यावर," ती म्हणाली. "मी झेंड्याकडे गेले म्हणून."

"धरणार तर. वर्षभर धरणार," थीडा म्हणाली. "ती टेप दे इकडे."

बर्निसने गुंडाळी दिली. थीडाने बीन्सचं भांडं कोरडं केलं, टेपची पट्टी फाडून त्याच्या पोटावर नीट चिकटवली आणि पेन उघडलं. 'मिसेस' एवढं हात सवयीने लिहून गेला. तिने ती पट्टी ओढून काढली, दुसरी चिकटवली आणि त्यावर फक्त लिहिलं, थीडा पाइक.